वहिनींचा इटालियन कोट

गुरुवारी दुपारी मी आणि बायकोनं मिळून वहिनींचा काळा कोट वाफवला. दोघांनी एकत्र केलेलं ते शेवटचं काम. आधी कळलं असतं तर जरा बरा कोट घेतला असता.

मी इस्त्रीवाला. आधी मिरजेत लॉन्ड्रीत होतो. मग इकडे न्यू जर्सीत एका ड्रायक्लीनरकडे वाफेच्या प्रेसवर उभा राहून पाय सुजवून घेतले. बायको त्याच दुकानात मागच्या बाजूला शिवणयंत्रावर. तिचा भाऊ शिकलेला, त्यानं आम्हाला इकडे आणलं आणि सांगितलं, "सहा महिन्यांत इंग्रजी येईल." तो बिचारा वर गेला, माझं इंग्रजी अजून वाटेतच आहे. दुकान सुटलं तरी वेस्ट विंडसरातल्या आपल्या बायका ब्लाउज, परकर, नवऱ्यांच्या पँटी घेऊन आमच्या दोन खोल्यांत यायच्याच. ती शिवायची, मी इस्त्री फिरवायचो. मुलगा टेक्ससला, फ्रिस्कोत असतो. फोनवर म्हणायचा, "बाबा, आता तरी एन्जॉय करा ना." आम्ही तेच करत होतो. त्याला ते काम वाटायचं.

वहिनी म्हणजे आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या बाई. वय आमच्याएवढंच, तिकडे बँकेत ऑफिसर होत्या. सगळं गाव त्यांना काकू म्हणतं, मी वहिनी म्हणतो. त्यांचा हा कोट मंडळात प्रसिद्ध. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हॉलमधला हीटर धो धो चालू असला तरी पहिला अर्धा तास त्या कोट काढायच्या नाहीत. काढला की खुर्चीच्या पाठीवर असा टाकायच्या की आतलं लेबल सगळ्यांना दिसावं. तिळगूळ घ्यायला वाकणाऱ्या प्रत्येक बाईच्या नाकासमोर ते लेबल.

लेबल इटलीतल्या एका मोठ्या कंपनीचं. नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर त्यांची फुकट जाहिरात, आणि स्पेलिंग चुकलं तर माझी.

आता सांगून टाकतो. तो कोट त्या कंपनीचा नव्हताच. लेबल खरं होतं, कोट इथल्या मॉलमधला होता. आणि ते लेबल त्या कोटात गेलं ते माझ्यामुळे.

हे आम्हा नवराबायकोला माहीत होतं, वहिनींना नाही. आणि येत्या शनिवारी वहिनींची नात तो कोट घेऊन न्यूयॉर्कला, त्या कंपनीच्या दुकानात जाणार होती. "आजी, हे विंटेज आहे, ऑथेंटिकेट करून घेऊ," असं ती पोरगी म्हणाली होती. म्हणजे दुकानातली माणसं कोट उलटा करून बघणार आणि खरा की खोटा ते सांगणार. त्याआधी जरा ब्रश मारून, वाफ देऊन, ढिलं बटण पक्कं करून ठेवा, म्हणून वहिनींनी तो आमच्याकडे आणून टाकला. मुलगी बघायला पाहुणे यायच्या आधी तोंडाला पावडर लावतात तसं.

बायको बटणाला दोरा गुंडाळत होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"आज सांगायचंच," ती म्हणाली.

"काय सांगायचं?"

"तुम्हाला माहीत आहे काय ते."

"इतकी वर्षं नाही सांगितलं, आता काय धाड भरली?"

"शनिवारी त्या पोरीसमोर, परक्या माणसांसमोर त्यांची शोभा होणार. वहिनी म्हातारी बाई आहे."

"आणि आपण काय कोवळे आहोत?"

"इस्त्री बघा, कॉलर चमकायला लागली."

कॉलरवर ओला कपडा न टाकताच मी इस्त्री दाबून धरली होती. उभ्या आयुष्यात असं झालं नव्हतं.

हे लेबल प्रकरण समजायला आमचा जुना मालक समजायला हवा. तो इटालियन म्हातारा. तारुण्यात इकडे आला, शिंपी होता, मग ड्रायक्लीनर झाला. त्या मोठ्या कंपनीचा कपडा दुकानात आला की कामाला लावायच्या आधी त्याला आतून हात घालून चाचपायचा, बैलाचे दात बघावेत तसा. त्याची आई खेड्यात घरी बसून त्याच कंपनीसाठी काजं करायची. हाताने. चुलीवर रश्श्याचं पातेलं आणि मांडीवर कुणा श्रीमंतिणीचा कोट.

जेवणाच्या सुट्टीत तो आम्हाला कंपनीचं पुराण सांगायचा. इंग्रजी त्याचंही मोडकं, आमचंही मोडकं, त्यामुळे एकमेकांचं सगळं कळायचं. कंपनीचा मूळ पुरुष म्हणे छत्र्या दुरुस्त करायचा. लढाई संपली तेव्हा लष्करातली कांबळी ढिगाने उरली होती. मूळ पुरुषाच्या सुनेनं ती विकत घेतली, काळ्या रंगात बुडवली आणि बायकांचे कोट शिवले.

"म्हणजे घोंगडीच की," बायको म्हणाली.

मालकाला घोंगडी म्हणजे काय ते सांगायला तिला अर्धी सुट्टी लागली. धनगर, मेंढ्या, पाऊस, सगळं हातवारे करून. तो म्हणाला, "करेक्ट. घोंगडीला कॉलर."

मग एक सिनेमातली बाई तो कोट घालून विमानातून उतरली आणि तिचा फोटो छापून आला. झालं. ज्या बायकांच्या आयांनी लढाईत तीच कांबळी पांघरून रात्री काढल्या होत्या, त्यांच्या लेकी तो कोट मिळावा म्हणून दुकानाबाहेर रांगा लावायला लागल्या. पुढे मूळ पुरुषाच्या नातवांत भाऊबंदकी. हे ऐकून मला फार बरं वाटलं, इटलीत पण आपल्यासारखीच माणसं आहेत. वाटणीत एकाला कारखाना मिळाला, दुसऱ्याला नाव. कारखानावाला बुडाला. नाववाल्यानं समुद्रावर बंगला बांधला.

"कारण?" मालक विचारायचा आणि स्वतःच उत्तर द्यायचा. "आमच्या गावात सगळ्या बायका मिळून अख्खा कोट करायच्या. बाह्या एकीकडे, काजं आईकडे, अस्तर मावशीकडे. शिवलेले कोट हातगाडीवर टाकून उघड्या रस्त्याने जायचे, कुणी बघायचं नाही. पण लेबलं कारखान्यात, लोखंडी पेटीत, कुलपात. ती शेवटी लावायची. मॅनेजर उभा राहून लावून घ्यायचा."

लेबलं कुलपात आणि कोट रस्त्यावर! इस्त्री मारता मारता मी पुष्कळदा याचा विचार केला. कुठं पोचलो नाही, पण विचार केला.

पुढचं पुराण मला कुणी सांगायची गरज नव्हती. ते माझ्या प्रेसखालूनच गेलं. आम्ही नवे असताना त्या कंपनीचे कोट आले ते खांद्यात उशा घालून. नाजूक नाजूक बायका पैलवानासारख्या आत यायच्या. मग सोनेरी बटणांची साथ आली, प्रत्येक बटणावर कंपनीचं नाव. मग नाव बटणावरून पट्ट्यावर, पट्ट्यावरून छातीवर, छातीवरून पार पाठभर. मग एक दिवस सगळं उतरलं आणि काळी साधी नायलॉनची पिशवी आली, खताच्या पोत्यासारखी, तिच्या कोपऱ्यात एवढंसं त्रिकोणी नव्हे की चौकोनी नव्हे असं काहीतरी चिकटवलेलं. त्या पोत्यासाठी बायका वेड्या झाल्या. मग पँटी इतक्या तंग की प्रेसवर ताणून धराव्या लागायच्या, आणि आता इतक्या ढगळ की माझ्या बापाचा पायजमा बरा. जगाचं डोकं कोणत्या वर्षी कुठं होतं ते मला विचारा. कुणाचा घाम कुठं जास्त येतो तेही सांगेन.

आपली माणसं तरी कुठं मागे राहिली. मंडळाच्या गणपतीत पोरं कुर्त्यावरून त्या कंपनीचा पट्टा लावून लेझीम खेळतात. कुर्त्याला पट्टा! पडत काय होता तो? न्यूयॉर्कच्या फुटपाथवरून आणलेल्या पर्स आमच्या मंडळात इतक्या आहेत की इटलीत तेवढ्या गाईसुद्धा नसतील. माझा नातू फ्रिस्कोहून आला तेव्हा त्याच्या बनियनवर त्या कंपनीचं नाव, दुकानाच्या पाटीएवढं. बायकोनं त्याला जवळ बसवलं आणि स्टीलचं पातेलं दाखवलं. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी आमचं आडनाव घातलेलं आहे, लग्नातलं.

"हे बघ बाळा, आपण भांड्यावर आपलं नाव घालतो. कुणी नेलं तर परत यावं म्हणून. तू अंगावर दुसऱ्याचं नाव घातलंयस. तुला कोण नेणार आहे?"

"आजी, इट्स जस्ट अ ब्रँड."

"हो ना. ब्रँड गुरांना देतात, तापल्या लोखंडानं," ती म्हणाली. हे तिला टीव्हीवरून कळलं होतं.

आता माझी चूक.

नाताळच्या आधीचे दिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. दोन काळे कोट अस्तर बदलायला आले. एक कुणा अमेरिकन बाईचा, तो खरा. दुसरा वहिनींचा, त्यांनी कुणाच्या तरी यार्ड सेलमधून, म्हणजे अंगणात विकायला मांडलेल्या जुन्या सामानातून उचललेला, आत मॉलचं लेबल, तेही अर्धं सुटलेलं. बायकोच्या अंगात ताप होता. तिनं दोन्ही लेबलं काढली, दोन नव्या अस्तरांवर टाचणीने लावून ठेवायच्या आधी गिऱ्हाइकाच्या नावाच्या चिठ्ठीवर ठेवली आणि औषध घ्यायला गेली. मी प्रेसची वाफ सोडली. फूऽऽ करून लेबलं, चिठ्ठ्या सगळं खाली. मी उचललं. कुठलं लेबल कुठल्या चिठ्ठीवर? मला तेव्हा इंग्रजी आकडे यायचे, अक्षरं नाही. चौथीत शाळा सुटली ती मराठीच्या चौथीत. मी अंदाजाने ठेवली.

ती आली, म्हणाली, "पडलं होतं का?"

"हो. वाचून ठेवलंय बरोबर," मी म्हणालो.

वाचून! तिनं विश्वास ठेवला आणि तापात टीप मारून टाकली. अस्तरावर लेबल, कोटात अस्तर. वहिनी कोट घेऊन गेल्या, मग बायकोचा हात दुसऱ्या कोटावरून फिरला. कापडाचं वजन तिला कळलं, आत बघते तर मॉलचं लेबल. तिनं माझ्याकडे बघितलं. मी कुठल्यातरी शर्टाच्या कॉलरकडे बघितलं.

तिनं मला एक शब्द विचारला नाही. त्या रविवारी मात्र पोरांची पाटी आणि खडू आणून समोर बसवलं. फळांची पुस्तकं नाहीत, दुकानातले कपडेच पुढ्यात टाकले आणि आतल्या पट्ट्या वाचायला लावल्या. मी पहिलं वाचलेलं इंग्रजी वाक्य म्हणजे 'ड्राय क्लीन ओन्ली'. आजही कुठं मोठं काही लिहिलेलं दिसलं की मी आधी तेच शोधतो.

ती दुसऱ्या दिवशीच वहिनींकडे जाऊन कोट बदलून आणणार होती. मीच हातापाया पडलो. मालक काढून टाकेल, लोक हसतील, याला वाचता येत नाही म्हणतील. खरं कारण शेवटचं. तेवढ्यात वहिनीच दुकानात आल्या, चेहरा फुललेला.

"अगं, मला लॉटरी लागली! आतमध्ये इटालियन लेबल होतं गं! ते वरचं मॉलचं कुणीतरी मुद्दाम लावलं असणार, कस्टम चुकवायला."

बँकेतली बाई. भानगड कशी झाली असेल ते तिला लगेच दिसतं. जिथं झाली तिथं मात्र नाही.

खऱ्या कोटाची अमेरिकन बाई परत आलीच नाही. फोन लागेना, पत्र परत आलं. दुकानाचा नियम होता, वर्षभर कुणी नेला नाही तर कपडा दान, नाहीतर कामगारांत कुणाला हवा असेल त्याला. मालकानं तो कोट हातात घेतला, सवयीनं आत हात घातला, काजांवरून अंगठा फिरवला आणि लेबल बघितलं. मग माझ्या बायकोकडे बघितलं. आम्हाला वाटलं, आता गेली नोकरी. तो इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं.

"घाल," तो तिला म्हणाला. "या कोटाला आयुष्यात पहिल्यांदा लेबलापासून सुट्टी मिळालीय."

तेव्हापासून माझी बायको खरा इटालियन कोट घालून भाजी आणायला जायची आणि वहिनी मॉलचा कोट घालून हळदीकुंकवाला. वर वहिनी तिला म्हणायच्या, "अगं, आता तरी एखादा चांगला कोट घे. किती दिवस तो मॉलचा? मुलगा एवढा कमावतो."

"मला हाच ऊबदार वाटतो हो," बायको म्हणायची. आणि घरी आल्यावर दार लावून अशी हसायची की खोकला लागायचा.

हे बरीच वर्षं चाललं. मग वहिनींचे यजमान गेले. दिवस झाल्यावर बायको भेटायला गेली तर वहिनी कोट मांडीवर घेऊन बसलेल्या. म्हणाल्या, "ह्यांना या कोटाचं फार कौतुक होतं गं. म्हणायचे, तुझी नजर पारखी." त्या दिवशी बायको घरी आली ती हसली नाही. जेवलीही नाही नीट. म्हणाली, "सांगायला पाहिजे." मी म्हणालो, "आता तर मुळीच नको." त्यानंतर दर हिवाळ्यात तेच. ती म्हणायची सांगू, मी म्हणायचो गप्प बस. तिनं सांगितलं असतं तर लेबल कुणी बदललं हा प्रश्न आलाच असता. आणि ती खोटं बोलली नसती. तिनं फक्त मला झाकलं होतं.

तर गुरुवारी कोट झाला. ती उठायला लागली. "मी पण येते तुमच्याबरोबर."

"तुझे पाय बघ जरा. बस तू. मी देऊन येतो."

"सांगाल?"

"सांगतो."

प्लास्टिकमध्ये कोट घालून मी गेलो. वहिनींनी दार उघडलं, कोट घेतला, "भावजी, काय झळाळी आणलीत हो," म्हणाल्या, आणि दिवाळीच्या उरलेल्या चकल्यांचा डबा हातात ठेवला. मी चकल्या घेतल्या आणि परत आलो. बस. एवढा मी शूर.

ती तांदूळ धूत होती. मागे न बघता म्हणाली, "सांगितलंत?"

"हो."

हे कसं तोंडातून गेलं मला माहीत नाही. तिनं मागे वळून बघितलं. हात ओले.

"काय म्हणाल्या?"

"आधी शिव्या घातल्या."

"कोणत्या?"

"गाढव म्हणाल्या."

"एवढंच?"

"बिनडोक पण म्हणाल्या. मग हसायला लागल्या."

"हसल्या? खरंच?"

"पोट धरून. म्हणाल्या, म्हणजे इतकी वर्षं मी घोंगडीची पण नक्कल घालून मिरवले."

हे शेवटचं मी चांगलं रचलं होतं. ती इतकी हसली की तिला खुर्चीवर बसावं लागलं. पदरानं डोळे पुसले.

"बघा. उगाच इतकी वर्षं घाबरलात. मी सकाळी फोन करते त्यांना."

"कर," मी म्हणालो. म्हटलं, सकाळचं सकाळी बघू.

तिनं एक चकली खाल्ली, जरा मऊ पडलीय म्हणाली, कुकर लावला आणि खुर्चीत बसली. दोन शिट्ट्या झाल्या. एरवी तिसऱ्या शिट्टीला ती गॅस बंद करायला उठते, आज उठली नाही. मी म्हणालो, "अगं, झोपलीस काय?" चौथी झाली. मी गॅस बंद केला आणि मग तिच्याकडे गेलो. आधी गॅस. का ते विचारू नका.

ॲम्ब्युलन्स आली, शेजारचा नागपूरचा तरुण माझ्याबरोबर आला, हॉस्पिटलात डॉक्टर दहा मिनिटं आत होते आणि मग बाहेर आले. बाहेर येण्याची त्यांची चालच सांगते. मुलाला फोन झाला, त्यानं सकाळचं विमान घेतलं. सगळ्यांना कळवायचं त्या नागपूरच्या पोरानंच केलं. फ्यूनरल होमचा माणूस टाय लावून इतक्या हळू बोलत होता की मला वाटलं हाच गेलाय. त्यानं माहितीपत्रक दिलं, त्यात शवपेट्यांचे फोटो, अस्तराच्या रंगांसकट. अस्तरं चांगली होती. शिवण वाईट. तो म्हणाला, उद्या बारापर्यंत कपडे आणून द्या. शेजारच्या पोरानं मराठीत सांगितलं, म्हणजे मला कळलं.

सवाष्ण गेली, म्हणजे हिरवी साडी. ती कपाटात होतीच. पण तिकडे साडी कोण नेसवणार? त्या टायवाल्याला निऱ्या घालता येणार होत्या काय?

शेजारचा पोरगा सोफ्यावर झोपला. बिचारा घोरत होता, मला सोबत झाली.

सकाळी सातला मी निघालो. त्याला उठवलं नाही. गवतावर हिमाचा पांढरा थर, रस्त्यावर ऑफिसला जाणाऱ्या गाड्या. वहिनींच्या घरापाशी पोचलो आणि ड्राइव्हवेमध्येच थांबलो. सुतक असलेल्या माणसानं दुसऱ्याच्या उंबऱ्यात जाऊ नये, एवढं मला कळतं. बेल वाजवली तर दारापर्यंत जावं लागतं. म्हणून फोन केला. "वहिनी, जरा बाहेर या."

त्या बाहेर आल्या त्या गाऊनवर तोच कोट घालून. थंडीच तेवढी होती. रडून डोळे सुजलेले.

"भावजी, मी तिकडेच निघत होते. आत या, बाहेर काय उभे."

"सुतक आहे."

"सुतकाला घाला चुलीत, या आत."

"नको. मला एक सांगायचंय. हा कोट खोटा आहे."

त्यांना वाटलं असणार, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

"लेबल खरं आहे, कोट मॉलचा आहे. अस्तर बदलताना लेबलं बदलली. मी बदलली. मला तेव्हा इंग्रजी वाचता येत नव्हतं, मी तिला वाचून ठेवलीत म्हणून खोटं सांगितलं. तिची चूक नाही. शनिवारी नातीला न्यूयॉर्कला नेऊ देऊ नका."

"काल ती गेली," त्या हळू म्हणाल्या. "आणि तुम्ही आज सकाळी सात वाजता मला कोटाचं सांगायला आलात?"

"ती आज सकाळी तुम्हाला फोन करणार होती."

त्यांनी कोटाची पुढची बाजू उघडून आत बघितलं. मग वर. "मग खरा कोट कुठाय?"

"तिच्याकडे."

"तो? तो भाजीला जायचा?"

"तोच."

"मी तिला दरवर्षी म्हणायचे, चांगला कोट घे."

"हो."

"आणि ती काय करायची?"

"हसायची. घरी येऊन."

"मेली!" वहिनी म्हणाल्या.

शेजारच्या गॅरेजचं दार वर गेलं, एक गाडी बाहेर आली, तिच्यातल्या माणसानं आम्हाला हात केला, आम्हीही केला. वहिनी दारातल्या पायरीवर बसल्या.

"तुम्हाला सांगितलं असं मी काल तिला सांगितलं," मी म्हणालो. "तुम्ही हसलात म्हणालो. पोट धरून."

"मी हसले?"

"हो."

"नाही हसणार मी. ह्यांना सांगत होते मी, माझी पारख. ते जाताना सुद्धा..." त्यांचा आवाज चढला. "तुम्हाला वाचता येत नव्हतं तर तेव्हाच सांगायचं होतं ना! मी काय खाल्लं असतं तुम्हाला? मी शिकवलं असतं!"

"तिनं शिकवलं."

"निघा तुम्ही," त्या म्हणाल्या. उठल्या, आत गेल्या, दार लावलं. जोरात नाही, पण कडी लागल्याचा आवाज आला.

मी घरी आलो. शेजारच्या पोरानं चहा केला होता, त्यात आलं घालायचं विसरला होता. मी कपाटातून हिरवी साडी काढली. वर्षानुवर्षं घडीत राहून घडीच्या रेघा बसलेल्या. ती असली साडी कधी मला देत नसे, म्हणायची, रेशमाला तुमचा हात जड. मी टेबलावर चादर अंथरली, इस्त्री मंद ठेवली, साडीवर मलमलीचं फडकं टाकलं आणि पदरापासून सुरुवात केली. नऊवार नव्हे, पाचवार, तरी वेळ लागला. फडकं उचलायचं, सरकवायचं, फिरवायचं. काठाशी हळू. पोरगा म्हणाला, "काका, मी करू का?" मी म्हणालो, "तू टाय बांध."

नऊच्या सुमाराला दार उघडं होतं तिथून वहिनी आत आल्या. अंगात कोट नव्हता, जुना लोकरीचा स्वेटर होता, नाक थंडीनं लाल. हातात पिशवी, तिच्यात हिरव्या बांगड्या, हळदीकुंकवाचा करंडा, पिनांचा डबा.

"नातीला फोन केला. उद्याचं कॅन्सल," त्या म्हणाल्या. माझ्याकडे न बघता. "तिकडे नेसवायला मी येणार आहे. त्या अमेरिकन बायकांनी पिना कुठंही टोचल्या असत्या."

"बरं."

"ब्लाउज?"

"झालाय."

खुंटीवर बायकोचा कोट होता. त्यांनी तो बघितला. हात लावला नाही. मग टेबलापाशी आल्या, साडीचं एक टोक उचलून उजेडात धरलं आणि नखानं एक जागा दाखवली.

"इथे चुणी राहिलीय, भावजी. निऱ्यांत दिसेल ती."

मी पाणी शिंपडलं, फडकं टाकलं आणि तेवढ्या जागी परत इस्त्री फिरवली.